हातमोज्याचं लग्न

बंगळुरात राहून डच भाषा शिकायची म्हणजे माणसाकडे काहीतरी कारण हवं. माझ्याकडे नव्हतं. माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, कँटोन्मेंटमधल्या नन लोकांच्या इस्पितळात नर्स होती. तिथे हॉलंडहून आलेली एक सिस्टर होती आणि तिचं कन्नडवाचून अडत होतं. पेशंट ‘तले नोवु’ म्हणून डोकं दुखतंय सांगायचा आणि सिस्टर त्याचं पोट दाबून बघायची. शेवटी अक्का म्हणाली, माझ्या धाकटीला सांगते, ती शिकवेल. ननकडून फी घ्यायची कशी, हा प्रश्न आला तेव्हा सिस्टरच म्हणाली, तू मला कन्नड दे, मी तुला डच देते. घरात मराठी, दारात कन्नड, कचेरीत इंग्रजी असं माझं आधीच चाललेलं. चौथीने काय बिघडणार होतं? मी हो म्हटलं.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आम्ही मल्लेश्वरमला राहायचो. आई मी लहान असतानाच गेली. अक्काने माझ्या वेण्या घातल्या, मला शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. त्या नादात तिचं स्वतःचं लग्नाचं वय निघून गेलं. म्हणजे लोक म्हणायचे निघून गेलं. अक्काला विचाराल तर ती म्हणायची, ‘वय कुठे जातंय, इथेच आहे की माझ्यापाशी.’ वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटरचे फोरमन झालेले. बोलायचे कमी, ऐकायचे त्याहून कमी, आणि एकदा ‘बेडा’ म्हणाले की ते नकोच. तो शब्द ब्रह्मदेवाच्या बापालाही फिरवता येत नसे.

मी ॲव्हेन्यू रोडवरच्या एका वकिलांकडे टायपिस्ट होते. वकीलसाहेब तमिळ, त्यांचं इंग्रजी असं की ऐकत राहावं. मसुदे तेच सांगायचे, मी टाइप करायची. त्यांच्या धंद्याचं मर्म मला पहिल्याच वर्षात कळलं. शब्द घट्ट बांधायचा नाही. ‘आवश्यक ती सर्व कामे’, ‘वाजवी मुदतीत’, ‘योग्य त्या व्यक्तीस’, असंच सगळं. मी एकदा विचारलं, वाजवी म्हणजे किती दिवस? ते हसून म्हणाले, ‘मुली, कायद्याचा शब्द नाडीच्या पायजम्यासारखा असावा. माणूस वाळला तरी बसतो, सुटला तरी बसतो.’ मला तेव्हा ती लबाडी वाटली. पण पुढे त्यांनी एका म्हातारीचं घर केवळ ‘वाजवी’ या एका शब्दावर वाचवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून सैल शब्दांना मी एकदम नावं ठेवत नाही.

सिस्टरची तऱ्हा उलटी. संध्याकाळी इस्पितळाच्या मागच्या बागेत, शेवग्याच्या झाडाखाली आमची शिकवणी चालायची. मी वकीलसाहेबांकडचे रद्द झालेले मसुदे सरावासाठी न्यायची आणि ती डचमध्ये करायला बसायची. पहिल्या ओळीलाच सिस्टर अडवायची. ‘सर्व कामे’ म्हणजे कोणती? ‘योग्य व्यक्ती’ म्हणजे कोण, नाव सांग. मी म्हणायची, इंग्रजीत तसंच आहे. ती म्हणायची, इंग्रजीत असेल, पण माझ्या गावच्या कचेरीतला कारकून हे वाचेल, चष्मा काढेल आणि तुला घरी पाठवेल. तिचे वडील तसेच एक कारकून होते, त्यामुळे ती अधिकाराने बोलायची. तिचा आणखी एक नियम होता. भाषांतर झालं की इंग्रजी कागद उलटा ठेवायचा आणि डच मजकूर आपल्या आईच्या भाषेत मोठ्याने बोलून बघायचा. जिथे जीभ अडखळेल तिथे चूक. मी झाडाखाली बसून मोठमोठ्याने मराठीत कुलमुखत्यारपत्रं वाचायची आणि येणारे-जाणारे पेशंट बघायचे, ही बाई कुठल्या वॉर्डातली.

आता त्या डच माणसाबद्दल. एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला तो हॉलंडहून आला होता आणि कावीळ होऊन अक्काच्या वॉर्डात पडला. महिनाभर पिवळाजर्द. अक्का त्याला उसाचा रस आणि शिव्या दोन्ही वेळेवर द्यायची, कारण तो बरा होण्याआधीच पळून कामावर जायला बघायचा. बरा झाल्यावर तो रविवारी इस्पितळात यायला लागला. काय दुखतंय, असं अक्काने विचारलं तर त्याला सांगता येईना. सिस्टरच्या लक्षात आलं, माझ्या आलं, सगळ्या वॉर्डाच्या आलं. अण्णांच्या कानावर घालायचं काम अर्थातच माझ्याकडे.

अण्णा आधी बेडा म्हणाले. वर्षभर म्हणत राहिले. त्या वर्षात तो माणूस आमच्या घरी येऊन अण्णांशेजारी गप्प बसायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. एके दिवशी अण्णांच्या परसातल्या जुन्या लेथचा पट्टा निसटला. दोघांनी मिळून तो दुपारभर झगडून बसवला, तेलाने काळे झालेले हात एकाच साबणाने धुतले, आणि रात्री जेवताना अण्णा म्हणाले, ‘सरी, होऊ दे. पण लग्न माझ्या दारात, माझ्या डोळ्यांसमोर. त्याशिवाय पोर बोटीत बसणार नाही.’ अक्का स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी वाजवत राहिली.

आणि इथेच माशी शिंकली. त्याची कावीळ उलटली. यकृत इतकं बिघडलं की डॉक्टरांनी त्याला मायदेशी धाडलं आणि निदान दोन-तीन वर्षं तरी या हवेत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. तो येऊ शकत नव्हता. अण्णा बिनलग्नाची मुलगी साता समुद्रापार पाठवणार नव्हते. त्याच्या सरकारलाही ती बायको म्हणून आली तर सोयीचं होतं, नुसतीच आली तर शंभर चौकशा. अक्का बत्तीस वर्षांची होती. ती तेव्हाही हसून म्हणायची, थांबू की. पण मी तिच्याच खोलीत झोपायची, त्यामुळे ती किती झोपते ते मला माहीत होतं.

वाट सिस्टरने दाखवली. त्यांच्या देशात एक जुनी सोय होती. बोटीवर गेलेल्या, परमुलखात अडकलेल्या माणसांसाठी. वधूवरांपैकी एकजण गैरहजर असला तरी लग्न लागतं. त्याच्या नावाने दुसरं कुणी उभं राहतं. त्यासाठी तिथल्या राणीच्या सरकारची खास परवानगी लागते आणि गैरहजर माणसाचं रीतसर मुखत्यारपत्र लागतं. लग्न हॉलंडमध्ये लागेल, अक्काच्या नावाने त्याची थोरली बहीण उभी राहील, आणि अक्का इथून निघेल ती त्याची बायको म्हणूनच. त्याने तिकडच्या नोंदणी कचेरीत विचारून कळवलं, होईल. फक्त कागद डचमध्ये हवा आणि नीट हवा.

वकीलसाहेबांनी मसुदा आनंदाने दिला. फी नको म्हणाले, आहेर समज. लग्नाचं मुखत्यारपत्र त्यांनी जन्मात केलं नव्हतं, पण त्यांच्याकडे जमीन विकायचा एक नामी नमुना होता, वीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेला. तोच पुढे घेऊन त्यांनी जमिनीच्या जागी विवाह घातला. मी टाइप केला. दिसायला फार सुरेख. संध्याकाळी सिस्टरने तो वाचला, एकदा, दोनदा, आणि मग पदराने, म्हणजे तिच्या त्या पांढऱ्या ॲप्रनने, डोळे पुसत हसायला लागली. ‘हा कागद माझ्या देशात गेला तर,’ ती म्हणाली, ‘ती बहीण तुझ्या अक्काचं लग्न पोस्टमनशीही लावू शकते.’ खरंच होतं. मुखत्याराने ‘योग्य वाटेल त्या व्यक्तीशी, योग्य वाटेल त्या वेळी’ विवाहाची सर्व कामे करावीत, आणि तो ‘जे जे करील वा करवील’ ते अक्काला कबूल. शिवाय हे सर्व ‘अपरिवर्तनीय’. म्हणजे एकदा सही झाली की परत घेता येणार नाही.

अक्का अण्णांना ऐकवल्याशिवाय सही करणार नव्हती. कायद्याने तिला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, वकीलसाहेबांनी दोनदा सांगितलं. अक्का म्हणाली, ‘माझ्या तापात कायदा जागला का? अण्णा जागले.’ रविवारी सकाळी अण्णा कॉफी घेऊन व्हरांड्यात बसले आणि मी मसुदा मराठीतून सांगायला लागले. डच पुरं व्हायचं होतं, म्हणून इंग्रजीवरूनच. जे जे करील, वा करवील. अण्णा ऐकत होते. मधेच म्हणाले, ‘या असल्या लग्नाला त्यांच्यात म्हणतात काय?’

मी सरळपणाने सांगितलं. हातमोज्याचं लग्न. पूर्वी म्हणे जो हजर नाही त्याचा हातमोजा मधे ठेवायचे. आणि आपलं ज्ञान दाखवायची खोड, म्हणून वर हेही सांगितलं की डचमध्ये हातमोज्याला ‘हाताचा जोडा’ म्हणतात.

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. ‘म्हणजे खांडाच की,’ ते म्हणाले. ‘खांडा तरी बरा. ही तर वहाण.’

आम्हा दोघींना काही कळलं नाही. खांडा म्हणजे सरळ दुधारी तलवार, आमच्या देवघरात एक होती, दसऱ्याला तिला झेंडू वाहायचो, एवढंच आमचं तिच्याशी नातं. मग अण्णा बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

‘माझ्या आईचं लग्न खांड्याशी लागलं. ठाऊक नाही की तुम्हाला. मी कुणाला सांगितलं नाही.’

कोलारच्या बाजूला एक जहागीरदार होता. आमच्यासारखाच मराठा, तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेल्यांपैकी. पहिली बायको मोठ्या घरची. तिच्या लग्नाला तो स्वतः घोड्यावर बसून, वाजतगाजत गेला. माझी आजी गरिबाघरची. तिच्या लग्नाला त्याने खांडा पाठवला. एक कारभारी बैलगाडीतून तलवार घेऊन आला, भटजींनी मंत्र म्हटले, आणि तेरा वर्षांच्या त्या पोरीने लोखंडाला माळ घातली. रीतच होती ती त्या घराण्यांत. बरोबरीची असेल तिथे नवरा जातो, खालची असेल तिथे खांडा. लग्न दोन्ही खरं. पण आजीला जन्मभर त्या घरात ‘खांड्याची’ म्हणत आणि अण्णांना ‘खांड्याचा’. पंगतीत त्यांचं पान शेवटी. पंधराव्या वर्षी अण्णा तिथून चालत निघाले ते बंगळूरला आले आणि कारखान्यात हातोडी धरली.

‘तो माणूस चांगला आहे,’ अण्णा म्हणाले. ‘मी नाही म्हणत नाही. पण नवरा एकीकडे, पोरगी एकीकडे, मधे मोजा नाहीतर जोडा. तिथे पोचल्यावर चार बायका म्हणणारच, ही ती, हातमोज्याची. आईचं झालं ते पोरीचं होणार नाही. बेडा.’

अक्काने अण्णांचा पेला उचलला, विसळून पालथा घातला, पांढरी साडी नेसली आणि ड्यूटीवर गेली. मला तिचा राग आला. अण्णांचाही आला. आजीला मी पाहिलं नव्हतं, तरी तेरा वर्षांची ती पोर डोळ्यांपुढून हलेना, त्यामुळे धड रागावताही येईना. आठवड्याने अक्का म्हणाली, ‘त्याला कळवून टाकते. बिचारा किती दिवस टांगून राहणार.’ मी म्हटलं, स्वल्प थांब. ती म्हणाली, ‘कशासाठी?’ नाहीतरी मी कोणाचं ऐकते? मी म्हटलं, माझं भाषांतर अर्धं आहे, ते होईपर्यंत थांब.

मोडलेल्या लग्नाचा कागद पुरा करायचा म्हणजे निव्वळ हट्ट. आमच्या घरात हट्ट अण्णांकडून येतो, माझ्यात जरा जास्तच आला. मी वकीलसाहेबांकडे गेले आणि एकेक शब्द विचारायला लागले. ‘अपरिवर्तनीय’ इथे कशाला? ते म्हणाले, नमुन्यात असतं. जमीन विकणाऱ्याने उद्या शब्द फिरवला तर घेणाऱ्याने काय करावं, म्हणून असतं. मी म्हटलं, इथे जमीन नाही, माझी अक्का आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या शब्दावर काट मारली आणि म्हणाले, ‘वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चल, सगळंच बघू.’ त्या दुपारी त्यांनी दोन अशिलांना परत पाठवलं.

मग आमची अशी वरात सुरू झाली. सकाळी ॲव्हेन्यू रोड, संध्याकाळी शेवग्याचं झाड. सिस्टर विचारी, कोणाशी लग्न? मी वकीलसाहेबांना विचारी. त्याचं पूर्ण नाव, जन्मगाव, आईबापांची नावं. ‘योग्य वाटेल त्या व्यक्तीशी’ गेलं. कोण कुणाच्या जागी उभं राहणार? ‘मुखत्यार किंवा त्याने नेमलेला इसम’ गेला, त्या बहिणीचं एकटीचं नाव आलं. बहिणीला काय काय करता येईल? एकच गोष्ट. विचारल्यावर अक्काचा होकार सांगणं. त्याखेरीज तिने काही केलं तर ते अक्काने केलं असं धरायचं नाही. आणि अक्काचा विचार बदलला तर? याच्यावर सिस्टर आणि वकीलसाहेब माझ्यामार्फत चार दिवस भांडले. शेवटी कचेरीने काय सांगितलंय ते त्या डच माणसाकडून पुन्हा मागवलं, आणि उत्तर आलं की होकार प्रत्यक्ष बोलला जाईपर्यंत तो अक्काचाच, तिने तोवर कधीही मागे घ्यावा. ते वाक्य मी डचमध्ये लिहिलं तेव्हा सिस्टरने माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच तिला एकही शब्द बदलावा लागला नव्हता.

राहता राहिला सिस्टरचा नियम. इंग्रजी उलटं ठेवून, डच समोर धरून, मोठ्याने मराठी. त्या दिवशी शनिवार होता, इस्पितळात कुणी बडे पाहुणे येणार म्हणून बाग बंद. मी घरीच व्हरांड्यात बसले. अण्णा अंगणात सायकल उलटी करून चाकाच्या तारा ताणत होते. माझ्याकडे पाठ. अक्काच्या लग्नाचा विषय आमच्या घरात महिनाभर निघाला नव्हता, आणि मी तो काढलाही नाही. मी आपली वाचत होते. कुठे अडखळते का, एवढंच लक्ष.

‘वर स्वतः हजर राहील. वधू गैरहजर राहील. वधूच्या वतीने, केवळ तिने सांगितलेला होकार बोलण्यासाठी...’

चाकाची तार वाजायची थांबली होती.

‘परत वाच,’ अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं.

‘तो स्वतः येणार? जातीने?’

‘तो यायलाच हवा, अण्णा. त्याच्या वतीने कुणी चालत नाही. सूट फक्त अक्काला आहे.’

‘आणि ती बाई काय म्हणेल ते...’

‘ती आपलं काही म्हणू शकत नाही. अक्काने दिलेला एकच शब्द ती बोलणार.’

‘आणि हिने आदल्या दिवशी तार केली, नको म्हणून?’

‘तर लग्न नाही. तो तिथे कोट घालून उभा राहील आणि घरी जाईल.’

अण्णा हातातला पाना पुसत व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले. इंग्रजी मसुदा मी त्यांना ऐकवला होता तेव्हा त्यात कोण उभं आणि कोण लांब, हे शोधूनही सापडलं नसतं. जो तो जे जे करील वा करवील, असंच सगळं. आता कागदात माणसं उभी होती. अण्णांनी मला शेवटचं कलम तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. एखादं यंत्र महिनाभर नाडून मग एकदम सुरू झालं की ते तसे दिसायचे.

‘म्हणजे मांडवात नवरा उभा,’ ते म्हणाले, ‘आणि खांडा आपल्या पोरीचा.’

खांडा पाठवणारे या वेळी आम्ही, हे मला सुचलं नव्हतं. महिनाभर मी त्या ओळी चाळल्या, सिस्टरने चाळल्या, वकीलसाहेबांनी चाळल्या. पण आमच्यापैकी कुणीही खांड्याच्या घरात शेवटच्या पानावर बसून जेवलं नव्हतं.

अक्का ड्यूटीवरून आली तेव्हा अण्णा दारातच उभे होते. ‘सही कर,’ म्हणाले. तिला वाटलं, नकाराच्या कागदावर. मला मधे पडून सांगावं लागलं. मग ती दारातच बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि भोकाड पसरलं. अक्का! जिने मला कधी रडू दिलं नाही ती. अण्णा घाबरून पाणी आणायला पळाले.

अण्णांनी कागदात एकच गोष्ट घालायला सांगितली. नवऱ्याने आधी बोलायचं, मुलीकडच्यांनी मागून. मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, तिथे तसंच विचारतात, लिहायची गरज नाही. मी अण्णांना सांगितलं, लिहिलं. कागद पक्का झाला, इथल्या नोटरीचे शिक्के झाले, मद्रासहून त्यांच्या वकिलातीचे झाले, आणि तो विमानाने गेला. परवानगी यायला पावसाळा संपला.

लग्न डिसेंबरात ठरलं. त्यांचे सकाळचे अकरा म्हणजे आमचे दुपारचे साडेतीन. आमच्या भटजींना अण्णांनी बोलावलं, तर ते म्हणाले, मुहूर्त कुठला काढू, इथला की तिथला? आणि अंतरपाट धरायचा कुणासमोर? त्यांना दक्षिणा आणि उपमा देऊन परत पाठवलं. वकीलसाहेब आले, जरीकाठी उपरणं घेऊन. सिस्टर आली, तिच्या कन्नडमध्ये शेजारणींना सांगत की नवऱ्याचं डोकं आता ठीक आहे. यकृत म्हणायचं होतं बिचारीला. अक्का हिरवी साडी नेसून, मल्लेश्वरमच्या बाजारातली संपिगेची, म्हणजे सोनचाफ्याची, फुलं माळून खुर्चीवर बसली होती. समोर कुणी नव्हतं. काय करायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

साडेतीनला अण्णा उठले. टोपी सारखी केली. सिस्टरकडे वळून मला म्हणाले, ‘विचार तिला, तिथे आत्ता काय चाललंय?’

सिस्टर म्हणाली, त्याने हो म्हटलं असेल. आता वधूला विचारत असतील.

आमच्यात वधूला विचारत नाहीत. मुलगी देतात, घेतात, मंत्र म्हणतात, तांदूळ टाकतात. सात पिढ्यांत आमच्या घरातल्या एकाही मुलीला मांडवात कुणी काही विचारलं नसेल. अण्णा अक्कासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना शब्द सापडेनात. आमच्या भाषेत त्या वेळचे शब्दच नव्हते, त्यांना ते तिथल्या तिथे करावे लागले.

‘बाळ,’ ते म्हणाले, ‘हा माणूस तुला नवरा म्हणून हवा का?’

अक्काने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. दोन वर्षं जिच्याकडे उत्तर तयार होतं तिचे ओठ नुसतेच हलले. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. वकीलसाहेब खाकरले. मी पुढे व्हायला निघाले तशी अण्णांनी हाताने मला मागे सारलं.

‘सावकाश,’ ते अक्काला म्हणाले. ‘घाई नाही. तो उभा आहे.’

अक्काने अगदी सावकाश हो म्हटलं.